‘लिनक्सवर नेट चालत नाही’ या बखरीचा समाचार

१/ जुन्नर-आंबेगावच्या इतिहासावरचा धागा म्हटला की वाचकांच्या डोळ्यांपुढे शिवनेरी, नाणेघाट आणि लेण्याद्री उभे राहतात. हा धागाही त्याच मुलखाचा आहे. मात्र त्याचा विषय आहे संगणकाचे नेटवर्क, त्याचे ड्रायव्हर आणि त्यांविषयी पिढ्यानपिढ्या सांगितली जाणारी एक खोटी कहाणी. खोट्या कहाण्यांची झडती घेणे हे इतिहासाच्या अभ्यासकाचेच काम आहे.

२/ आधी निमित्त. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था आणि त्यातल्या त्यात नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे २०१७ पूर्वीचे बहुतेक संगणक धडधाकट असूनही अधिकृत यादीतून बाद झाले. निरगुडसरसारख्या गावातील शाळा, पतसंस्था, दूध संस्था किंवा घर येथे अशा वयाचे यंत्र असेल, तर त्याचे काय करायचे हा प्रश्न आता पुढ्यात आहे.

३/ अशा यंत्रावर लिनक्स टाकावे, असे कोणी सुचवले की ठरलेले उत्तर मिळते: ‘त्यावर वायफाय चालत नाही. ड्रायव्हर मिळत नाहीत. ते शहरातल्या तज्ज्ञांचे काम. गावात विंडोजच बरे.’ हे कोणी पाहिले, कोणत्या यंत्रावर, कोणत्या साली? उत्तर नसते. साक्षीदार नाही, तारीख नाही, मूळ कागद नाही. ही बखर आहे. आणि तीही सभासदासारख्या जवळच्या माणसाची नव्हे, उत्तरकालीन.

४/ उत्तरकालीन बखरीवर विसंबल्याने काय होते, हे जुन्नरला सांगायला नको. शिवनेरीवर जन्मलेल्या शिवाजी महाराजांचे जन्मसाल अशा बखरींच्या आधारे १६२७ मानले जात असे. पुढे लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली प्रसिद्ध केली. तिच्यात शके १५५१, फाल्गुन वद्य ३ अशी नोंद होती. शिवभारताने तिला दुजोरा दिला. २००१ मध्ये महाराष्ट्र शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली. ऐकीव कथा मागे पडली आणि नोंद पुढे आली.

५/ लिनक्सच्या पोटातही अशी शकावली असते. कर्नल, म्हणजे यंत्राचे भाग आणि त्यावर चालणारे प्रोग्राम यांच्या मधला गाभा, यंत्र सुरू झाल्या क्षणापासून स्वतःची नोंदवही लिहितो. ‘डीमेसेज’ (डी, एम, ई, एस, जी ही पाच अक्षरे) अशी आज्ञा दिली की ती वही उघडते. काही ठिकाणी त्यासाठी प्रशासकाचा अधिकार लागतो. प्रत्येक नोंदीपुढे सुरुवातीपासूनचे सेकंद दिलेले असतात. कार्ड कधी दिसले, कोणता ड्रायव्हर पुढे झाला, त्याने कोणती फाइल मागितली आणि ती मिळाली की नाही, हे तेथे वाचता येते.

६/ या वहीकडे ढुंकूनही न पाहता दुकानात पहिला उपाय सुचतो तो ‘फॉरमॅट मारण्याचा’. इतिहासाच्या विद्यार्थ्याला त्याचा अर्थ चटकन कळावा: हे दफ्तर न वाचताच जाळणे आहे. वि. का. राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला आणि बखरींतील चुका मूळ पत्रांशी ताडून दाखवल्या. तोच शिरस्ता संगणकाला लावला, तर या बखरीतली निम्मी विधाने पहिल्याच दिवशी गळून पडतील.

७/ आता त्या बखरीतील मुख्य विधान: ‘लिनक्सला हार्डवेअर ओळखता येत नाही.’ ड्रायव्हर म्हणजे दुभाषा. चिपची भाषा तिच्या निर्मात्याला ठाऊक असते. तो विंडोजसाठी दुभाषा स्वतः पुरवतो. लिनक्ससाठी पुष्कळदा दुभाषाही देत नाही आणि भाषेचे व्याकरणही देत नाही. मग दोष कोणाचा? ज्याला व्याकरण नाकारले त्यालाच अडाणी ठरवणे, हा या प्रकरणातला मूळ अन्याय आहे.

८/ या अन्यायाचा इतिहास लिनक्सहून जुना आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा एक लेझर प्रिंटर आला. कागद अडकला की तशी सूचना सर्वांना मिळावी, एवढी सुधारणा रिचर्ड स्टॉलमन यांना करायची होती. त्यासाठी त्याच्या प्रोग्रामचा मूळ मजकूर लागत होता. तो ज्याच्यापाशी होता, त्याने गुप्ततेच्या कराराचे कारण देऊन नकार दिला. १९८३ मध्ये स्टॉलमन यांनी मुक्त प्रणालीचा जीएनयू प्रकल्प जाहीर केला. त्या चळवळीच्या उगमकथेतच एक दडवलेला ड्रायव्हर आहे.

९/ १९९१ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी लिनक्स जाहीर केले, तेव्हा नेटवर्क कार्ड बनवणाऱ्यांना त्यात रस नव्हता. नासाच्या गॉडार्ड केंद्रातील डोनाल्ड बेकर यांनी इथरनेट कार्डांचे ड्रायव्हर एकामागून एक लिहिले. १९९४ मध्ये थॉमस स्टर्लिंग आणि बेकर यांनी बाजारातल्या साध्या १६ प्रोसेसरांना इथरनेटने जोडून ‘बेवुल्फ’ नावाचा समूह-संगणक उभा केला. स्वस्त यंत्रे, मुक्त प्रणाली आणि स्वतः लिहिलेले ड्रायव्हर: जगातल्या महासंगणकांचा पुढचा रस्ता येथून गेला.

१०/ भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. त्यातील स्वस्त प्रकार होता शेल अकाउंट: चित्रे नाहीत, केवळ अक्षरे, आणि पलीकडे युनिक्स यंत्र. म्हणजे विद्यार्थ्यांच्या एका पिढीने इंटरनेट प्रथम पाहिले ते युनिक्सच्याच दारातून. ‘युनिक्सवर नेट चालत नाही’ असे त्या पिढीला सांगितले असते, तर ती हसली असती.

११/ १९९६ मध्ये पीसी क्वेस्ट या मासिकाने लिनक्सची सीडी वाचकांच्या हाती दिली. डायल-अपच्या वेगाने जे उतरवून घेणे अशक्य होते, ते पोस्टाने घरी आले. या खटपटीत पुढे होते बेळगावात शिकलेले अतुल चिटणीस (१९६२–२०१३). त्यांनीच पुढे बंगळुरात मुक्त सॉफ्टवेअरचे मोठे मेळावे भरवले. मराठी सीमाभागातून गेलेल्या माणसाने देशाला लिनक्सची ओळख करून देण्यात एवढा वाटा उचलला, हे मराठी इतिहासप्रेमींच्या कोणत्या यादीत आहे?

१२/ ‘नेट चालत नाही’ ही बखर याच काळात जन्मली आणि तेव्हा तिला आधारही होता. १९९० च्या दशकाअखेरीस ‘विनमोडेम’ आले. मोडेममधली बुद्धी काढून तिचे काम विंडोजच्या ड्रायव्हरवर टाकलेले, म्हणून स्वस्त. तो ड्रायव्हर इतरांना मिळत नसे. बाहेरून सिरियल केबलने जोडायचा जुना मोडेम लिनक्सवर बिनतक्रार चाले. पेटीतला नवा मुका राही. दोष कोठे होता हे मोडेमच्या रचनेवरून स्पष्ट होते. लोकांच्या लक्षात मात्र एवढेच राहिले की लिनक्सवर मोडेम चालत नाही.

१३/ मग वायफाय आले आणि नाटक पुन्हा रंगले. ब्रॉडकॉम कंपनीच्या चिपा असंख्य लॅपटॉपांत होत्या. त्यांचे तपशील बंद होते. तेव्हा स्वयंसेवकांनी दोन गट केले. एका गटाने कंपनीचा ड्रायव्हर चिपशी काय बोलतो हे निरखून व्याकरण लिहून काढले. दुसऱ्याने कंपनीच्या मजकुराला हात न लावता, केवळ त्या व्याकरणावरून नवा ड्रायव्हर लिहिला. २००६ मध्ये तो लिनक्सच्या कर्नलमध्ये दाखल झाला.

१४/ नाणेघाटातील सातवाहनांचा ब्राह्मी लेख आज वाचता येतो, कारण जेम्स प्रिन्सेपने १८३७ पर्यंत ब्राह्मी अक्षरे उलगडली. ज्या भाषेचा कोश कोणी देत नाही, ती खुणांवरून जुळवणे हे त्याच जातीचे कर्तृत्व आहे. फरक इतकाच की ब्राह्मीचे जाणकार काळाच्या ओघात नाहीसे झाले होते. चिपेचे जाणकार हयात होते आणि गप्प बसले होते. २०१० मध्ये ब्रॉडकॉमने आपल्या नव्या चिपांसाठी खुला ड्रायव्हर स्वतः प्रसिद्ध केला. म्हणजे तो देणे अशक्य कधीच नव्हते.

१५/ उरले शेवटचे विधान: ‘हे शहरातल्या लोकांचे काम, गावात चालत नाही.’ निरगुडसरहून शेजारच्या जुन्नर तालुक्यात खोडदला जावे. तेथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेची महाकाय दुर्बीण, म्हणजे जीएमआरटी आहे. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांनी १९८० च्या दशकात ती कल्पिली. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. १४ मध्यभागी आणि १६ इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या तीन भुजांवर. टोकापासून टोकापर्यंत सुमारे २५ किलोमीटर. शहरी रेडिओ-गोंगाट नाही, हे जागा निवडण्याचे एक मोठे कारण होते. म्हणजे ती येथे आली ती गाव असण्यामुळेच.

१६/ ही दुर्बीण मुळात एक नेटवर्क आहे. शिवारात विखुरलेली प्रत्येक तबकडी ऑप्टिकल फायबरने मध्यवर्ती इमारतीशी जोडलेली आहे. तबकडी एकटी फारसे सांगत नाही. दोन-दोनांचे संकेत एकमेकांशी ताडावे लागतात. ३० तबकड्यांच्या जोड्या होतात ४३५. त्या सर्वांचा मेळ अखंड, त्याच क्षणी घालायचा. पूर्वी हे काम खास बनवलेले इलेक्ट्रॉनिक यंत्र करी.

१७/ पुढे ते काम सॉफ्टवेअरकडे आले. जयंत रॉय, यशवंत गुप्ता आणि सहकाऱ्यांनी २०१० च्या शोधनिबंधात ही रचना मांडली: बाजारात मिळणारे साधे संगणक, त्यांवर लिनक्स आणि त्यांना जोडणारे गिगाबिट इथरनेट. बेवुल्फचीच ही जुन्नरी शाखा. त्यानंतरच्या नूतनीकरणात एका वेळी न्याहाळता येणारा पट्टा ३२ मेगाहर्ट्‌झवरून ४०० मेगाहर्ट्‌झपर्यंत रुंदावला. ज्या मुलखात आकाशगंगांचे संकेत लिनक्सच्या नेटवर्कवरून धावतात, तेथे शाळेचा एक संगणक राउटरला जोडता येणार नाही, असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

१८/ यावर आक्षेप येईल की खोडदला अभियंते आहेत, शाळेत नाहीत. आक्षेप रास्त आहे. पण त्यातून निष्कर्ष चुकीचा काढला जातो. अभियंत्यापाशी जादू नसते, क्रम असतो. तो क्रम कोणालाही शिकता येतो. आणि साधनांची बाह्य व अंतर्गत चिकित्सा शिकलेल्या इतिहासाच्या विद्यार्थ्याला तर तो सवयीचाच वाटेल. खालचे सहा प्रश्न याच क्रमाने विचारावेत. आधीच्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याखेरीज पुढचा विचारू नये.

१९/ पहिला प्रश्न: उपकरण दिसते का? ‘एलएसपीसीआय’ आणि यूएसबीसाठी ‘एलएसयूएसबी’ या आज्ञा जोडलेल्या भागांची यादी देतात. प्रत्येकाला चार-चार चिन्हांचे दोन संकेत असतात: एक निर्मात्याचा, एक उपकरणाचा. इंटेलचा निर्माता-संकेत ८०८६ आहे. १९७८ च्या त्यांच्या गाजलेल्या प्रोसेसरचेच नाव. खोक्यावरच्या नावावर विश्वास ठेवू नये. एकाच नावाच्या वायफाय-काडीत आवृत्तीगणिक निराळी चिप निघते. खोक्यावरचे नाव ऐकीव आहे, संकेत हा मूळ कागद आहे.

२०/ दुसरा प्रश्न: दुभाषा हजर आहे का? ‘एलएसपीसीआय’ला ‘के’ हा पर्याय जोडला की प्रत्येक उपकरणाखाली कोणता ड्रायव्हर लागला आहे ते दिसते. ओळच नसेल तर ड्रायव्हर नाही. ओळ असूनही वायफाय मुके असेल तर नोंदवही पाहावी: बहुतेकदा फर्मवेअर, म्हणजे चिपमध्ये भरायचा तिचा स्वतःचा प्रोग्राम, सापडलेला नसतो. त्या फाइलचे नावही तेथेच लिहिलेले असते. ती फाइल असलेले पॅकेज टाकले की काम होते.

२१/ तिसरा प्रश्न: रेडिओ बंद तर नाही ना? ‘आरएफकिल’ दोन प्रकारचे कुलूप दाखवते. एक सॉफ्टवेअरचे, ते आज्ञेने उघडते. दुसरे यंत्राच्या कडेवरच्या बटणाचे, ते बोटाने. चौथा प्रश्न: जोडणी आहे का? ‘आयपी लिंक’मध्ये ‘नो-कॅरियर’ दिसले तर केबल, तिचे टोक किंवा राउटरचे भोक तपासावे. या दोन प्रश्नांनी सुटणाऱ्या तक्रारींसाठी किती डिस्का फॉरमॅट झाल्या असतील, याची कोणतीही शकावली उपलब्ध नाही.

२२/ पाचवा प्रश्न: पत्ता मिळाला का? ‘आयपी ॲड्रेस’ने तो दिसतो. १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर राउटरने उत्तर दिले नाही म्हणून यंत्राने तो स्वतःच घेतलेला असतो. येथे ड्रायव्हर निर्दोष सुटतो. सहावा प्रश्न: कोठपर्यंत पोहोचता येते? आधी राउटरला पिंग, मग बाहेरच्या ८.८.८.८ सारख्या अंकी पत्त्याला, मग नावाला. अंक चालला आणि नाव चालले नाही, तर बिघाड डीएनएसचा, म्हणजे नावाचे अंक करून देणाऱ्या व्यवस्थेचा.

२३/ हे पिंग डिसेंबर १९८३ मध्ये माइक म्यूस यांनी लिहिले. नेटवर्क विचित्र वागत होते, म्हणून एका संध्याकाळी. पाणबुडीच्या सोनारचा आवाज म्हणून ते नाव. दुरुस्तीचे हे हत्यार अशाच एका वैतागलेल्या माणसाने घडवले आणि जगाला देऊन टाकले. चाळीस वर्षांनंतरही ते निरगुडसरच्या घरात तसेच चालते.

२४/ एक इशारा. नेटवर्कविषयी मिळणाऱ्या सल्ल्यावर तारीख नसेल तर तो वापरू नये. ‘आयएफकॉन्फिग’ ही आज्ञा १९८३ च्या बीएसडी युनिक्सची; आज अनेक वितरणांत ती मुळातून नसते. कार्डाला ‘ईटीएच-शून्य’ म्हणण्याची रीत २०१३ पासून मोठ्या प्रमाणावर बदलली. उबुंटूने २०१७ मध्ये ‘नेटप्लॅन’ आणले आणि जुन्या संरचना-फाइलचे महत्त्व संपले. जुना उपाय नव्या यंत्रावर चालत नाही तो कालविपर्यासामुळे. अफझलखानाच्या स्वारीचा हिशेब पेशवाईच्या नाण्यांत मांडल्यासारखे ते होते.

२५/ मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनाही येथे सोडता येणार नाही. तत्त्वासाठी डेबियनने बंद फर्मवेअर मुख्य इन्स्टॉलरबाहेर ठेवले होते. परिणामी ज्याच्यापाशी केवळ वायफाय, त्याने नेट चालू करण्यासाठी लागणारी फाइल नेटवरूनच आणावी, अशी कोंडी झाली. २०२२ च्या मतदानाने धोरण बदलले आणि २०२३ च्या डेबियन १२ पासून ती फाइल सोबत येऊ लागली. नवख्याला ‘आधी माहितीपुस्तिका वाच’ असे फटकारणे, आणि ती पुस्तिका मराठीत नसणे, हे पाप मात्र अजून फिटलेले नाही.

२६/ काही चिपा आजही खरोखर चालत नाहीत, हेही मान्य करावे. म्हणून डिस्क पुसण्याआधी पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहावे; त्यात काही बिघडत नाही आणि वायफाय दिसते की नाही ते लगेच कळते. न दिसल्यास आधी केबलने किंवा फोनच्या यूएसबी टेदरिंगने नेट घ्यावे, मग ड्रायव्हर शोधावा. तोही नसेल तर कर्नलमध्ये ड्रायव्हर असलेल्या चिपची काडी घ्यावी. एका काडीपायी अख्खा संगणक भंगारात देणे हा व्यवहार नव्हे.

२७/ प्रश्न एका प्रणालीच्या आवडीनिवडीचा नाही. स्वतःच्या यंत्राने लिहिलेली नोंद वाचण्याचा अधिकार गावाने आपण होऊन सोडायचा का, हा आहे. बखर सांगते, ‘हे तुझे काम नव्हे.’ हेच वाक्य मोडी न वाचणाऱ्याला दफ्तरांविषयी सांगितले गेले आणि राजवाड्यांनंतरच्या पिढ्यांनी ते खोटे ठरवले. ज्या वाचकाच्या घरी बाद ठरलेला संगणक पडून आहे, त्याने तो या सुट्टीत काढावा, पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करावे आणि पाच अक्षरांची ती आज्ञा द्यावी. पुढचे नोंदवही सांगेल.

धागा समाप्त.